कावेरी कौसडीकर हिच्या प्रथम गुरूसंबंधी

५ डिसेंबर १९९३, रविवार. सकाळी ८.१०.

दिनकररावांनी लिहिले आहे ते खरे नाही.

साप्ताहिक 'कापूसपेठ'च्या कालच्या अंकात, पान तीनवर, 'मानवतची कन्या, जर्मनीची गायिका' या मथळ्याखाली त्यांनी कु. कावेरी सिताराम कौसडीकर हिच्याविषयी अडीच रकाने लिहिले असून त्यांत सात चुका आहेत. तांबड्या शाईने मोजल्या. तिचा जन्म १९५१ चा नव्हे, १९४९ चा. शाळेच्या रजिस्टरातील नोंद माझ्या हातची आहे. वडील सिताराम जिनिंगमध्ये मुनीम नव्हते, काट्यावर कापूस तोलत असत. ऑपेरा म्हणजे 'परदेशी तमाशा' नव्हे. ते संगीत नाटकच; फक्त त्यात कोणी बोलत नाही, सर्व गातात, मरतानाही गातात. येथवर मी सहन केले असते. परंतु सहावा परिच्छेद पाहावा: 'शाळेतील एका शिक्षकाने तिला प्रार्थनेत गाण्यास मनाई केली होती.'

मनाई केली नव्हती. पहिल्या रांगेत उभे राहावे, आवाज काढू नये, फक्त ओठ हलवावेत, असे सांगितले होते. मनाई आणि सूचना यांत फरक आहे. शिवाय 'एका शिक्षकाने'! मी तेव्हा मुख्याध्यापक होतो.

आज ही बाई एका श्वासात चाळीस सेकंद स्वर धरते, असे दिनकररावच लिहितात. तिला श्वास धरून ठेवावयास प्रथम कोणी लावले? पावणेदोन वर्षे, रोज सकाळी. याला शिक्षण म्हणत नसतील तर शिक्षणाची व्याख्या मला कोणी तरी सांगावी.

संकल्प: दुरुस्तीपत्र पाठविणे. भाषा सौम्य ठेवणे.

सायं. ६.०० पत्र झाले. नऊ पाने. सौम्य राहिले नाही.

८ डिसेंबर, बुधवार.

दिनकरराव स्वतः घरी आले. १९६४ च्या तुकडीतील माझे विद्यार्थी. मराठीत पस्तीस गुण, तेही मी दिलेले. म्हणाले, "सर, तुमचं नाव मुद्दामच टाकलं नाही. इज्जत ठेवली तुमची." नाव गाळणे म्हणजे इज्जत ठेवणे, हा अर्थ मला नवीन होता. मी म्हणालो, नाव टाका. 

मग मुद्द्यावर आले. कावेरी ९ जानेवारीस आईला भेटावयास येत आहे. बन्सीधरशेठ आपल्या जिनिंगच्या आवारात सत्कार करणार. ती गाणारही आहे. "अध्यक्ष कुणी मिळंना सर. दोघांनी हात वर केले. नामांतराचं वातावरण, सभेचा अध्यक्ष म्हटलं की पोलिसांत नाव जातंय. तुमी होता का?"

अखेर गावाला कळले. नकार देणाऱ्या दोघांना आपली पात्रता उमगली असावी.

१२ डिसेंबर, रविवार. सकाळी १०.००

अध्यक्षीय भाषणास आरंभ केला.

चौतीस वर्षे नोकरी. सुमारे तीन हजार विद्यार्थी. त्यांतील एकानेही कोठेही, छापील स्वरूपात वा व्यासपीठावरून, माझे नाव घेतलेले नाही. मी लक्ष ठेवून आहे. दोन डॉक्टर झाले, एक तहसीलदार झाला. तहसीलदाराने सेवानिवृत्तीच्या भाषणात शाळेच्या शिपायाचे नाव घेतले, कारण तो घंटा पाच मिनिटे अगोदर देत असे.

मला फार नको. 'माझे प्रथम गुरू विष्णुपंत धारासूरकर.' एवढे पाच शब्द कावेरीने माइकवरून उच्चारावेत. वय शहात्तर. यानंतर अशी संधी येईल असे वाटत नाही.

भाषणाचा मसुदा मोठ्याने वाचत असता कामास येणारी मनकर्णा मोरीवर भांडी घासत होती. ती कावेरीच्याच वर्गात होती. चौथीनंतर शाळा सुटली. न विचारता म्हणाली, "गुर्जी, तुमी तर तिला गाऊ देत नव्हता. आमी समद्या आं करून वरडायचो आन् ती एकटी गप. लय वाईट वाटायचं बगा." शब्दशः नोंदविले आहे, अशुद्धे तिची.

तिला समजावून सांगितले की कावेरीच्या टॉन्सिल्स त्या काळी वाढल्या होत्या आणि मी तिचा कंठ जपला. मनकर्णा म्हणाली, "तिला कुटं काय झालतं? चिचंच्या झाडावर चडून हाका मारायची की. मारवाडी गल्लीपतूर ऐकू जायचं."

'कंठ जपला' हा शब्दप्रयोग भाषणात घेतला. चांगला आहे.

१९ डिसेंबर, रविवार.

कावेरीच्या मातुःश्री बायनाबाई यांच्याकडे माहिती घेण्यास गेलो. जिनिंगच्या मागील गल्लीत दोन खोल्या. वय सत्तरीच्या पुढे. ऐकू थोडे कमी येते, बोलणे मात्र भरपूर. कावेरी १९६१ साली मामाकडे हैदराबादला गेली. तेथील कॉन्व्हेंटमधील एका नन बाईने पियानोपाशी उभे करून गळा तयार केला. पुढे शिष्यवृत्ती, कोलोन, आणि तेथील रंगभूमी. हे सर्व दिनकररावांनी लिहिले होतेच. पुढचे लिहिले नव्हते.

"जुनी गानी तिच्याकडं न्हाईत म्हनं," बायनाबाई म्हणाल्या. "कालपरवा कुनी लिवलेली आसतेत तीच गाती. लिवनारे जित्ते हायेत, म्होरं बसून चुका काढतेत. आठ आठ म्हैने पाठ करायचं आन् येक दिस गायचं. पुन्ना ते कुनी म्हनत बी न्हाई. मी म्हन्ले, माय, मंग येवडी मरमर कशापाई? तर हासती."

मग म्हणाल्या, "मी तिला समोर बसून कदी ऐकलंच न्हाई, गुर्जी. टेपात ऐकते. पर त्या आवाजात मला ती गावत न्हाई. आता ऐकंल."

कॅसेट मागून आणली. सायंकाळी सौ. नर्मदाबाईंसह ऐकली. प्रथम काहीच नाही. मग कोणी कुजबुजले. मग जिभेने टाळूवर टकटक, बैल हाकताना करतात तशी. मग स्वर एकाएकी इतका वर गेला की सौ. उठून स्टोव्ह बंद करून आल्या. स्टोव्ह पेटलेलाच नव्हता. चाल नाही, शब्द नाहीत. नुसते स्वर, नंतर नुसती व्यंजने.

परंतु प्रत्येक व्यंजन सुटे आणि स्वच्छ! हे नन बाईचे काम नव्हे. हे माझे.

२६ डिसेंबर, रविवार. दुपारी ४.३०

जिनिंगच्या ऑफिसात समितीची बैठक. बन्सीधरशेठ गादीवरून न उठता म्हणाले, "मास्तरजी, तुमी दोन मिनट बोला, बाकी बाईसाबला गाऊ द्या. लोक कापसाच्या गाड्या रांगेत सोडून येणार."  भाषण चौदा पानांचे आहे. संकल्प: जलद वाचणे.

पोलिसांची परवानगी मिळाली. अर्ज मी लिहिला होता, त्यात चूक काढण्याजोगे काही नव्हते. अटी पाच: घोषणा नकोत, फलक नकोत, राजकीय भाषण नको, सहाच्या आत समाप्ती, आणि काही घडल्यास अध्यक्ष जबाबदार.

गाव फार हलक्या कानाचे झाले आहे. विद्यापीठाच्या नावाचे काय होणार, या एका गोष्टीवर सर्वांचे कान. परवा सायकलचे टायर फुटले तर अर्ध्या पेठेने शटर ओढले. एस.टी. कधी बंद होईल याचा नेम नाही. अशा वातावरणात सुसंस्कृत सभा कशी चालवावी, याचा वस्तुपाठ ९ तारखेस देता येईल.

१ जानेवारी १९९४, शनिवार. सकाळी ६.००

नववर्षाचे संकल्प. एक: कोणाच्याही चुका तोंडावर न सांगणे. दोन: भाषण दहा पानांवर आणणे.

सकाळी ७.१५. दूधवाल्यास त्याच्या सायकलवरील पाटीतील चूक दाखविली. तो म्हणाला, "गुर्जी, दूध तर बरोबर हाय ना?"

दुपारी २.०० भाषणातून 'कंठ जपला' काढले. सौ. म्हणाल्या की टॉन्सिल्स तिच्या नव्हे, माझ्या वाढल्या होत्या आणि त्यांची शस्त्रक्रिया परभणीस झाली होती. बरोबर आहे. त्याऐवजी: 'वरिष्ठांच्या तपासणीप्रसंगी समूहस्वर एकसंध राहावा या शैक्षणिक हेतूने.' हे अधिक भारदस्त आहे, आणि टॉन्सिल्सपेक्षा शोभते.

पाने सोळा झाली.

८ जानेवारी, शनिवार. सायं. ५.४५

कावेरी सकाळच्या गाडीने मानवत रोडला उतरली. दुपारी जिनिंगच्या आवारात भेट झाली. वय चव्वेचाळीस. केस आखूड, पांढरे, रंग न लावलेले. विजार, वर शाल. वाकून पाया पडली आणि म्हणाली, "गुर्जी, लय वाळलात की!"

बत्तीस वर्षे परदेशी व परप्रांती काढली, नऊ भाषांत गाते, आणि मराठी तेथेच, जेथे सोडली होती तेथेच उभी आहे. संकल्प आठवला. दुरुस्त केले नाही.

आवारात मध्यभागी उभी राहून तिने तीन टाळ्या वाजविल्या आणि कान दिला. म्हणाली, "कापूस आवाज खातो. गठाणी मागं सारा." बन्सीधरशेठनी हमाल लावून मंचामागील कापसाच्या चाळीस गठाणी हलविल्या. माझ्या सांगण्यावरून त्यांनी आजवर खुर्चीही हलविली नव्हती. नंतर दोन दात्यांचे एक लहान पोलादी चिमट्यासारखे साधन गुडघ्यावर आपटून तिने कानामागच्या हाडास टेकविले आणि डोळे मिटून एक स्वर लावला. पेटी नाही, तंबोरा नाही. भजनी मंडळाचे तबलजी साथ देऊ म्हणत होते. त्यांना हसून नको म्हणाली. साथीस टेपरेकॉर्डर आहे.

रचनेचे नाव 'पहिली रांग'. बावीस मिनिटांची. कोलोनच्या एका बाईंनी खास हिच्यासाठी, हिच्या आठवणींवरून लिहिली. पहिली रांग! कोणाची आणि कोठली, हे मला वेगळे सांगावयास नको.

मी सरळ विचारले, भाषणात आपल्या गुरूंचा उल्लेख येणार ना? ती म्हणाली, "मी बोलत नसते गुर्जी, गाते. पण काळजी करू नका. समद्या गाण्यात तुमीच हाव."

सबंध रचना. बावीस मिनिटे. मी पाच शब्द मागितले होते.

तिने दोन टंकलिखित पाने दिली. "एवढं सुरुवातीला वाचून दाखवा. नवं गाणं हाय, आधी सांगितलं तर लोकांला धरता येतं." कोटाच्या खिशात ठेवली आहेत. पहिल्याच ओळीत दोन चुका दिसल्या; पुढे वाचले नाही.

९ जानेवारी, रविवार. दुपारी २.००

कोट, टोपी, उपरणे. घड्याळ रेडिओवर लावून घेतले. सौ. म्हणाल्या, "दोन मिनिटं बोला हं." सर्वांना दोन मिनिटांचे एवढे काय आहे, कळत नाही.

सायं. ६.३०

घडले ते क्रमाने लिहितो. उद्या कोणी वेगळे लिहील.

उपस्थिती सहाशे. बायनाबाई पहिल्या ओळीत खुर्चीवर, शेजारी सौ., मागे मनकर्णा. भाषण चार वाजून तीस मिनिटांनी सुरू केले. बन्सीधरशेठ मधून मधून घड्याळाकडे पाहत होते. ते व्यापारी आहेत. दोन मिनिटांचे भाषण सव्वीस मिनिटे चालले. त्यामुळे वेळेअभावी कावेरीची दोन पाने वाचता आली नाहीत. माझ्या भाषणात सर्व आलेच होते.

चार अठ्ठावन्नला ती उभी राहिली. टेपमधून पुष्कळ मुलांचा एकत्र आवाज, शब्द न कळणारा. त्यावर ती. कुजबुज, मग टकटक, मग तो उंच स्वर. बायकांत खसखस पिकली. एका शेतकऱ्याने शेजाऱ्यास विचारले, "हे सुरू झालंय का अजून लावायलेत?" तरी लोक बसून होते. हळूहळू खसखस थांबली. बायनाबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

पाच वाजून नऊ मिनिटांनी टेप थांबली. कावेरीही थांबली. हात सरळ बाजूला, पाय जुळलेले, मान किंचित खाली, डोळे मिटलेले. निश्चल, फक्त ओठ हलत होते. पाच सेकंद. दहा. माइकवाल्याने धावत येऊन वायर हलविली. पंधरा.

भर सभेत, अशा दिवसांत, एखादी व्यक्ती डोळे मिटून सावधान स्थितीत स्तब्ध उभी राहते, याचा अर्थ चौतीस वर्षे शाळा चालविलेल्या माणसास सांगावा लागत नाही. मी उभा राहिलो.

अध्यक्ष उभे राहिले म्हणून व्यासपीठ उभे राहिले. व्यासपीठ उभे राहिले म्हणून सहाशे माणसे उभी राहिली. शिस्त पाहण्याजोगी होती. केवळ मागून कुजबुज: "कोण गेलं?" "मुंबईचं कुणीतरी मोठं हाय." "औरंगाबादला झालंय म्हनं काहीतरी." मी घड्याळ पाहून एक मिनिट पूर्ण होऊ दिले आणि माइकपाशी जाऊन 'ओम् शांतिः शांतिः शांतिः' म्हटले. उच्चारात दोष नव्हता.

श्रद्धांजली झाली की सभा संपते, हे येथे पहिलीच्या मुलासही ठाऊक आहे. शाळेत तर मुले त्याची वाटच पाहत असत. लोक निघाले. निघाले म्हणजे पळाले. फाटकात चपलांचा खच. बाहेर पहिले शटर पडले, मग दुसरे, मग बस स्टँडपर्यंत सर्व. कापसाच्या गाड्या जुंपल्या गेल्या. एस.टी. चालकाने मानवत-पाथरी गाडी रिकामीच नेली. पोलिसांची जीप आली. जमादाराने मला विचारले, "कोण वारलं?" मी सांगितले, मला कळविण्यात आलेले नाही.

अध्यक्ष जबाबदार, ही अट आठवून मी घरी निघालो. फाटकाबाहेर आलो असता मागून तिचा स्वर आला. मोठा, असा मी कॅसेटमध्ये ऐकला नव्हता. थांबलो नाही. रस्त्यात एकत्र थांबणे त्या क्षणी कायद्यास धरून नव्हते.

सौ. अद्याप आलेल्या नाहीत.

सायं. ६.५५. कोट काढताना खिशात ती दोन पाने मिळाली. पान दुसरे, ओळ चौथी: 'मध्ये दीड मिनिट शांतता आहे. या वेळी मी ओठ हलवते, पण आवाज काढत नाही. हा गाण्याचाच भाग आहे. कृपया बसून राहावे.'

'कृपया बसून राहावे' हे अधोरेखित करावयास हवे होते. शिवाय अशी महत्त्वाची सूचना दुसऱ्या पानावर कोणी देत नाही.

१० जानेवारी, सोमवार. सकाळी ११.००

कावेरी निरोप घेण्यास आली. मी समजावणीचे चार मुद्दे कागदावर काढून ठेवले होते. तिने बोलू दिले नाही. हसली. म्हणाली, "गुर्जी, जर्मनीत अकरा गावांत गायले हे. त्या दीड मिनिटात लोक खोकतेत, घड्याळ बघतेत, कागद चाळतेत. समदं गाव उभं राहिलं ते इथंच."

मी म्हणालो, शिस्त आपण लावली तर लागते. ती म्हणाली, "व्हय. तुमी लावली व्हती." मग तिने कपातील चहा संपविला. "शेवट आईसाठी व्हता. आई बसून व्हती. झालं माझं."

नंतर तिने आपण होऊन सांगितले की मार्चपासून ती रंगभूमी सोडत आहे. वरचा आवाज आता सांभाळत नाही. "चाळीस भूमिका मी पहिल्यांदा गायले, गुर्जी. माझ्याआधी कुणी त्यांला हात लावलेला नव्हता. त्यातल्या बत्तीस पुन्हा कुणी गायल्याच न्हाईत. माझ्यासंगं त्या बी बंद." मी म्हणालो, कोठे तरी नोंद असेलच. "नोंद हाय की. आवाज न्हाई."

तिने मला 'पहिली रांग'ची एक छापील पुस्तिका दिली. जर्मन भाषेत. दुसऱ्या पानावर बोट ठेवले: माझे नाव. विष्णुपंत धारासूरकर, मानवत. रोमन लिपीत, परंतु बिनचूक. "ज्यांनी मला गप्प उभं केलं ते गुर्जी, असं लिहिलंय. अकरा गावांत लोक विचारतेत, हे कोण?" खाली एक ओळ मोकळी सोडलेली होती.

ती ओळ दाखवून म्हणाली, "एक विचारायचं व्हतं. का गप्प केलतं मला? गाणं लिहिणाऱ्या बाई विचारतेत, पुस्तिका परत छापायचीय, तिथं कारण घालायचंय. मला आठवतच न्हाई. मी काय चूक केलती?"

मी सांगितले: १९५९ साली तपासणी होती. समूहस्वर एकसंध राहावा हा शैक्षणिक हेतू होता. तिचा आवाज इतरांहून वेगळा पडत असे.

तिने ते पेन्सिलीने मोकळ्या ओळीवर लिहून घेतले. तारीख विचारली. मी वर्षच सांगितले. "बरं झालं," ती म्हणाली. "मला आजवर वाटायचं, माझा आवाज वाईट व्हता."

पाया पडली. गेली.

दुपारी ३.०० माझे नाव जर्मनीत छापले गेले आहे. पाच शब्दांहून कितीतरी अधिक. संकल्प सिद्धीस गेला.

जेवलो नाही. भूक नव्हती.

१२ जानेवारी, बुधवार.

सौ. तीन दिवसांनी बोलल्या. त्या दिवशी आवारात सात माणसे राहिली होती: बायनाबाई, मनकर्णा, बन्सीधरशेठ, माइकवाला, दोन हमाल आणि सौ. स्वतः. कावेरीने उरलेली दहा मिनिटे त्या सातजणांपुढे पूर्ण केली. माइक न घेता. बन्सीधरशेठ उभे राहून ऐकत होते. बायनाबाई शेवटी एवढेच म्हणाल्या, "गावली."

मी विचारले, कसे झाले? सौ. म्हणाल्या, "छान झालं. तुम्ही नव्हतात ते बरं झालं."

मग भाजी चिरता चिरता, वर न पाहता म्हणाल्या, "आणि एकोणसाठला कसली तपासणी सांगितलीत त्या पोरीला? साहेब आले की जेवण आपल्याकडं असायचं. पुरण मी सत्तावन्नला घातलं आणि एकसष्टला घातलं. मधे एकदाही नाही."

मी म्हणालो, स्मरणशक्तीवर विसंबू नये. त्या म्हणाल्या, "मी कुठं विसंबते? पाटावरवंटा माझ्या हातात होता."

१६ जानेवारी, रविवार. दुपारी १.००

शुक्रवारी विद्यापीठाच्या नावाचा निर्णय जाहीर झाला. पेठ दोन दिवस अर्धी मिटलेली, अर्धी उघडी. 'कापूसपेठ'चा अंक आज हाती आला.

दिनकररावांनी माझे ऐकले. पान एक, चौकटीत: 'कावेरीबाईंचे प्रथम गुरू विष्णुपंत धारासूरकर.' नाव आहे. पुढे: 'यांनी १९५९ च्या तपासणीप्रसंगी, शैक्षणिक हेतूने, काही दिवस त्यांना मौन पाळण्यास सांगितले होते, याच मौनाने त्यांच्या कलेचा पाया घातला.' सर्व माझ्याच भाषणातून. एकही अशुद्ध नाही.

सौ.नी वाचले आणि घडी करून ठेवले. मनकर्णाने वाचून दाखविण्यास सांगितले. मी म्हणालो, नंतर.

लिहिलेले चुकीचे असताना ते तसेच राहू देणे मला जमत नाही. दुरुस्तीपत्र पाठविणार नाही. कोलोनचा पत्ता पुस्तिकेवर आहे. तेथेही आज तरी काही पाठविणार नाही. येथे मात्र लेखातील तारखा नीट असाव्यात.

जन्म: १९५१ नव्हे. ३ ऑगस्ट १९४९.

शाळेची तपासणी: १९५९ नव्हे. १९५७ आणि १९६१. सौ.चे बरोबर आहे.

मौन: 'काही दिवस' नव्हे. सोमवार, १३ जुलै १९५९ पासून शनिवार, ८ एप्रिल १९६१ पर्यंत. सुट्ट्या वगळून रोज.

मानवत सोडले: 'गुरूंच्या आशीर्वादाने' नव्हे. ५ जून १९६१. मामाबरोबर भेटावयास आली होती. मी घरात होतो. घरी नाही म्हणून सांगितले.

सत्काराची समाप्ती: ९ जानेवारी, पाच वाजून अकरा मिनिटांनी नव्हे. पाच वाजून सव्वीस मिनिटांनी. अध्यक्ष उपस्थित नव्हते.

एक तारीख कोणाच्याच लेखात नाही. शनिवार, ११ जुलै १९५९, सकाळची शाळा. प्रार्थना मी सांगत होतो. तिसऱ्या ओळीस चौथीतील एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, "गुर्जी, तुमचा सूर उतरला." मुले हसली. मी तिला खाली बसविले आणि पुढे सांगत राहिलो.

सूर उतरला होता.